ग्रे मेअरचा तळघरवाला

१

शनिवार, दुपारी दोनचा सुमार. थॉर्नशॉ गावातला ग्रे मेअर हा पब, बारसमोरची जागा. बाहेर पाऊस नाही, ऊनही नाही. हजर: पिंपातल्या बिअरच्या चाहत्यांची आमची स्क्रॅथमूर शाखा, आणि बारमागे लोरेन नावाची मालकीणबाई. मालकीणबाई म्हणजे नावालाच, पब कंपनीचा.

सारी हयात बातमीदारीत गेली. पहिल्या वाक्यात वेळ आणि जागा सांगायची, दुसऱ्यात माणसं, तिसऱ्यात जबाबदार कोण ते. यातलं तिसरं वाक्य मी गेले कित्येक महिने लिहू शकलेलो नाही. त्या दुपारी आमचा अध्यक्ष क्लिफ ओल्डरॉइड मेला असता. मेला नाही. त्याला वाचवणाऱ्याचे आभार मानायचे आहेत, आणि असा कोणी माणूसच नव्हता, असं कंपनी मला सांगते आहे. कंपनीचं नाव वकिलाच्या सल्ल्यावरून इथे छापत नाही. त्यांच्या पब्जमध्ये बसणाऱ्यांना ते ठाऊक आहेच.

२

आमची सहल दर मोसमात एक. बसनं निघायचं, तीन-चार गावं, तीन-चार पब, शेवटी मासे-बटाटे खाऊन घरी. बहुतेकांचे केस पांढरे, गुडघे वाजणारे. बायका म्हणतात, तुम्हाला बिअर प्यायला निमित्त लागतं. नवरे म्हणतात, हो. हिलरी सटक्लिफसारखी बाई शाखेत असली की दोन्ही बाजूंची तोंडं बंद होतात, कारण ती कोणाहीपेक्षा जास्त पिते आणि कोणाहीपेक्षा सरळ चालते. तिनं बिअरच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत सगळी नोकरी केलेली.

आमची बिअर जिवंत असते. कारखान्यातून पिंप निघतं तेव्हाही ती आतल्या आत आंबत असते. पबच्या तळघरात पिंप आडवं मांडायचं, बुचात खुंटी मारून आत साठलेला वायू जाऊ द्यायचा, तोटी ठोकायची आणि मग हात लावायचा नाही. गाळ बसतो, बिअर निवळते, त्याला एक-दोन दिवस जातात. घाई केली तर गढूळ, आळस केला तर आंबट. म्हणजे चांगल्या ग्लासाचं श्रेय बारवर हसणाऱ्याचं नसतं, खाली अंधारात थंडीत राबणाऱ्याचं असतं. म्हणून आमच्या शाखेचा एक रिवाज आहे. जिथे बिअर उत्तम सांभाळलेली दिसेल, तिथे अध्यक्षानं स्वतः तळघरात उतरायचं, सांभाळणाऱ्याला त्याच्याच पिंपातला भरला ग्लास हातात द्यायचा आणि दोन शब्द बोलायचे. बारवर आभार मानलेले आम्ही धरत नाही.

दुसऱ्या शाखा आम्हाला हसतात. हसोत बापडे.

३

ग्रे मेअरचं माझं मत जाण्याआधीच ठरलेलं होतं. याच कंपनीनं आमच्या भागातले चांगले चालते पब बंद करून त्यांचे फ्लॅट केले. जे उरले त्यांवर महिन्या-दोन महिन्यांच्या बोलीनं माणसं आणून बसवली. लोरेन त्यांतलीच. पंधरवड्यापूर्वी आलेली, एका गुडघ्याला पट्टा, आवाज मात्र सबंध गावाला पुरेल असा.

"या राजांनो या! बसची वाट बघून बघून माझे सँडविच म्हातारे झाले."

"आमच्यापेक्षा?" क्लिफनं विचारलं.

"तुझ्यापेक्षा नाही रे राजा. तुझ्या वयाचं काही इथे विकायला परवानगी नाही."

क्लिफ खूश. त्याची बायको गेल्यापासून त्याला कोणी असं बोललेलं नव्हतं. गेल्या हिवाळ्यात तो घराबाहेर पडेना. त्याला अध्यक्ष करायचं हिलरीनं ठरवलं ते एवढ्याचसाठी, की अध्यक्षाला सहलीला यावंच लागतं. ही सहल त्याची पहिली. तो उंच आहे, रुंद आहे, आणि त्याला उचलायचं म्हटलं तर दोन हमाल लागतील.

लोरेननं तळघरातली बिअर वर खेचणारा हातपंप ओढला. ग्लास भरले. आम्ही उजेडाकडे धरले आणि बघतच राहिलो.

अशी निवळलेली बिअर मी फार क्वचित पाहिली आहे. तांब्याच्या रंगाची, आरपार, ग्लासाच्या पलीकडे खिडकीतलं चर्चचं घड्याळ वाचता येईल इतकी स्वच्छ. आणि चव! ती लिहायचा प्रयत्न मी करत नाही. नऊ माणसांच्या शाखेत नऊ मतं असतात, तिथे त्या दिवशी एकच होतं.

"लोरेन," हिलरी म्हणाली, "हे पिंप कधी आलं?"

"आजच. सकाळी गाडी येऊन गेली ना. काल माझ्याकडे काहीच उरलं नव्हतं, पाट्या उलट्या करून बसले होते." आमच्याकडे पिंप संपलं की हातपंपावरची पाटी उलटी करतात.

"आज आलेलं आज निवळत नाही गं बाई."

"मला काय कळतं त्यातलं? खालचा माणूस ठोकतो, मी ओढते."

४

माझ्या डोक्यात लगेच प्रकाश पडला, आणि तो नेहमीप्रमाणे कंपनीवर पडला. गाळलेली, मेलेली बिअर पिंपात भरून जिवंत म्हणून विकतात! मी हिलरीला तसं म्हणालोही. तिनं ग्लासाच्या तळाशी नख लावून दाखवलं. तिथे गाळाचा केसाएवढा एक पडदा हलत होता.

"जिवंत आहे," ती म्हणाली. "तू भांडायला दुसरं काहीतरी शोध."

तेवढ्यात पंपानं उचकी दिली आणि फेस आला. लोरेननं हात काढला. "थांबा हं. दुसरं लावतोय तो."

आम्ही थांबलो. पायांखाली फळ्यांची जमीन होती आणि खालचं सगळं ऐकू येत होतं. पिंप घरंगळल्याचा जड आवाज. मग लाकडावर लाकूड, एक सणसणीत घाव. तोटी बसली. कारखान्यात काम केलेल्या हिलरीनं मान डोलावली, एका घावात तोटी बसवणं सोपं नसतं. मग थोडा वेळ काहीच नाही. मग बारच्या बरोबर खालून, फळीला, ठक ठक.

"दोन म्हणजे ओढ," लोरेन म्हणाली. "एक म्हणजे थांब." आणि तिनं ओढलं. पहिलाच ग्लास आरपार.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही. टाळ्या वाजवताना मला काय खटकत होतं ते बसायला गेल्यावर कळलं. पावलं वाजली नव्हती. खोकला नाही, सुस्कारा नाही, बूट नाहीत. तळघरात पिंप सरकवणारा माणूस आणि एकही शिवी नाही, असं मी जन्मात ऐकलेलं नव्हतं.

मी स्वतःला समजावलं. रबरी बूट असतील. देवभोळा असेल.

"कसा आहे दिसायला?" मी लोरेनला विचारलं.

"बघितलाय कोणी? तो रस्त्याकडच्या, पिंपं उतरवायच्या झडपेनं ये-जा करतो म्हणे, स्वतःची शिडी लावून. मला कंपनीनं फोनवर सांगितलं, आतून खाली जायचं नाही, दुरुस्ती चाललीय. माझा गुडघा हा असा. म्हटलं, नको तर नको. पण गुणी आहे हं. पहिल्या दिवशी मी एकटी होते, काही म्हणता काही ठाऊक नाही, रडायच्या बेतात. आणि खालून ठक ठक. इतका धीर आला सांगू. तेव्हापासून रोज झोपायला जाताना मी त्या फळीवर टाच आपटते, गुड नाइट म्हणून."

"आणि तो?"

"तोही ठोकतो."

५

क्लिफ उठला. त्यानं कोट सारखा केला, भरलेला ग्लास हातात घेतला आणि अध्यक्षाच्या आवाजात म्हणाला, "बाईसाहेब, तळघरवाल्याला आमच्या शाखेचे आभार स्वीकारावे लागतील. दार कुठे आहे?"

"अरे राजा, आतून जायचं नाहीय ना."

"दोन मिनिटं. आजवरच्या आयुष्यात मी फार थोड्यांचे आभार मानलेत. आता जमेल तेवढे उरकून घेतोय."

यावर कोण नाही म्हणणार? लोरेननं बारमागची रबरी चटई पायानं बाजूला सारली. फळ्यांमध्ये एक चौकोनी झाकण होतं, त्याला लोखंडी कडी. मी क्लिफच्या मागून बारमागे शिरलो. आभार वगैरे माझ्या मनात नव्हतं. दुरुस्ती चाललीय म्हणून सांगतात आणि आत माणूस राबवतात, ते मला डोळ्यांनी बघायचं होतं.

कडी ओढली, झाकण सहज उघडलं. दिव्याचं बटण दाबलं, दिवा लागला नाही. खालून थंडी वर आली, ओल्या लाकडाचा वास, आणि नाकाला एक बारीक झिणझिणी, सोडा घाईनं प्यायल्यावर येते तशी. बिअरच्या तळघराला वास असायचाच.

क्लिफनं पाठ फिरवली, जहाजावरचे लोक उतरतात तसं तोंड आमच्याकडे करून एक पाय खाली सोडला. चाचपडला. मग त्याचा चेहरा उजळला.

"सापडली. चांगली रुंद पायरी आहे रे! माझ्या घरच्या जिन्यापेक्षा बरी."

दुसरा पाय. "जराशी मऊ लागतेय. शेवाळ धरलं असेल."

"जपून हो," लोरेन म्हणाली.

तो आणखी खाली गेला, कमरेपर्यंत. मग थांबला, ग्लास अंधारात खाली धरला आणि मोठ्यानं म्हणाला, "मित्रा, वर या म्हणत नाही, तू कामात आहेस. पण इतकी सुरेख बिअर मी माझ्या लग्नानंतर प्यायलेलो नाही. हा तुझा."

क्लिफचा हात रिकामा वर आला. आम्हाला दाखवून तो हसला. "घेतला रे त्यानं."

मग ज्यानं ग्लास घेतला त्याला बघायला तो वाकला. त्याचं डोकं जमिनीच्या पातळीखाली गेलं.

एकच श्वास. तो घेतल्याचा आवाज मी ऐकला, सोडल्याचा ऐकला नाही. त्याची मान लुळी पडली, खांदे कडेवरून घसरले. मी झाकणाशी पालथा पडलो आणि त्याच्या कोटाची कॉलर दोन्ही हातांनी धरली. माझ्या मनगटांत तेवढा दम नाही, कधी नव्हता. मला एवढंच कळत होतं की हा खाली गेला तर पुन्हा वर येणार नाही, आणि तो खाली जाणारच.

तो वर आला.

मी ओढलं म्हणून नाही. विहिरीतला भरला पोहरा अचानक हलका लागावा तसं झालं. दोर नुसता हातात आणि पोहरा आपणहून वर. क्लिफचे गुडघे वाकले नाहीत, पाय हलले नाहीत. तो ताठच्या ताठ वर सरकला, कंबर, मांड्या, पोटऱ्या. बूट जमिनीच्या बरोबरीला आले तेव्हा थांबला, आणि कोणीतरी वाट पाहावी तसा तिथे राहिला. मी त्याला मिठी मारून बाजूला लोळवलं.

तेवढ्यात मला खाली दिसलं. बारवरच्या दिव्याचा एक पट्टा तिथपर्यंत पोचत होता. क्लिफच्या बुटांखाली जे होतं ते रुंद होतं, फिकट, ओलं. त्यावर त्याच्या टाचांचे दोन खळगे उमटले होते. मी बघत असताना ते खळगे हळूहळू भरून आले.

सडलेलं लाकूड फुगतं. पाणी पिऊन मऊ होतं, दाबलं की दबतं, सोडलं की वर येतं. हे मी त्याच क्षणी स्वतःला सांगितलं, आणि अजून सांगतो.

झाकण आपटून बंद झालं. मी हात लावला नव्हता, लोरेननंही नाही. मग आमच्या गुडघ्यांच्या बरोबर खालून एकच ठोका आला. जोराचा. एक म्हणजे थांब.

६

हिलरी बारवरून उडी मारून आली असं म्हणणं तिच्या वयाला शोभणार नाही, पण आली ती तशीच. तिनं क्लिफचा चेहरा पाहिला, राखेसारखा झालेला, वाकून झाकणाच्या फटीचा वास घेतला आणि ओरडली, "वायू आहे! सगळे बाहेर! दारं उघडी टाका!" आंबणाऱ्या बिअरमधून आणि गॅसच्या सिलिंडरांतून जो वायू सुटतो तो हवेपेक्षा जड. वारा खेळता नसला तर तळघर टाकीसारखं भरतं. कारखान्यात तिनं एक माणूस असा गेलेला पाहिला होता.

आम्ही क्लिफला फुटपाथवर नेलं. लोरेननं स्वतःचा कोट त्याच्याखाली घातला आणि त्याचा हात धरून "श्वास घे राजा, घे, घे" म्हणत बसली. त्यानं घेतला. पहिला घेतला तेव्हा आम्ही बाकीचे आठजण एकमेकांचे हात धरून उभे होतो आणि कोणाला त्याची लाज वाटली नाही. मी चर्चमध्ये जात नाही. त्या दिवशी कोणाला उद्देशून म्हटलं ते ठाऊक नाही, पण म्हटलं.

"पायांना ऊब लागत होती," क्लिफ पहिल्यांदा बोलला ते हेच. "खालची थंडी इतकी, आणि तळवे गरम."

अग्निशमन दलाची गाडी आली. त्यांची प्रमुख शबनम अख्तर, नेमकं बोलणारी बाई. तिची माणसं तोंडावर मुखवटे चढवून उतरली आणि पंखे लावून तळघर मोकळं केलं.

"खाली माणूस आहे!" लोरेन पुन्हा पुन्हा सांगत होती. "आमचा माणूस आहे खाली, त्याला काढा आधी!"

अख्तरबाईंनी स्वतः उतरून पाहिलं. वर आल्यावर मुखवटा काढून त्या लोरेनशेजारी बसल्या. "कोणी नाहीय, ताई."

"झडपेनं गेला असेल."

"झडप बाहेरून कुलूपबंद आहे. गाडीवाल्यांनी सकाळी पिंपं सोडली आणि कुलूप लावून गेले. आणि ताई, मोजमाप बघता तो वायू सकाळपासून तिथे आहे. त्यात कोणी पिंप लावत बसणं शक्य नाही. दोन श्वास, फार तर."

"पण पिंपं लावलेली आहेत ना?" हिलरीनं विचारलं.

"सगळी. ओळीनं, तोट्या ठोकून. आणि एका पिंपावर एक ग्लास होता. धुऊन पालथा घातलेला."

लोरेन रडू लागली. भीतीनं असेल असं मला वाटलं. जवळ गेलो तर ती म्हणत होती, "मी त्याला कधी नाव विचारलं नाही."

७

आता कंपनी.

वायूची सूचना देणारी घंटा बंद होती. हवा खेळवणारा पंखा बंद होता. दोन्हींबद्दल कंपनीनं "खेद" व्यक्त केला आणि लोरेनला काढून टाकलं. आमच्या शाखेनं गावोगाव शब्द टाकला. आज ती पलीकडच्या खोऱ्यात एका सरळ माणसाच्या पबमध्ये आहे, आणि आमची पुढची सहल तिथेच होती. क्लिफ आला होता. त्यानं तिथल्या तळघरवाल्याचे आभार मानले, मात्र त्या बिचाऱ्याला वर बोलावून. त्यानंतर क्लिफ बराच वेळ तिथल्या फळ्यांकडे बघत उभा होता. मग त्यानं कोणी बघत नाही असं पाहून टाच हलकेच आपटली. मी पाहिलं.

मी कंपनीला विचारलं, त्या पंधरवड्यात तळघरात कोणाला नेमलं होतं? कोणालाही नाही, असं उत्तर आलं. लोरेनला फोनवर कोणी सांगितलं? माहीत नाही. मग गाडीवाल्यांनी जमिनीवर उभी सोडलेली पिंपं कोणी आडवी मांडली? याची चौकशी चालू आहे. ही चौकशी एवढी लांबली की तिला आता पेन्शन लागू व्हावी. दरम्यान ग्रे मेअरला फळ्या ठोकल्या आणि आत फ्लॅट करायचा अर्ज कंपनीनं नगरपालिकेत टाकला. त्या अर्जाला आमच्या शाखेची हरकत आहे. तळघराला हात लावू नये, एवढीच. कारण मी दिलेलं नाही. कारण विचारलं तर एवढंच सांगेन, की तिथे आमचा एक उपकारकर्ता कामाला होता आणि तो गेल्याचं आम्हाला कोणी कळवलेलं नाही.

मला चुकलेलं असणं चालतं. मला उत्तर न मिळणं चालत नाही. म्हणून हा मजकूर लिहिण्याआधी मी अख्तरबाईंना फोन केला, तपशील तपासून घ्यायला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. वेळ बरोबर, वायू बरोबर, कुलूप बरोबर.

"एक विचारू का?" त्या म्हणाल्या. "तुमचे मित्र खाली उतरले ते नेमके कशावरून?"

"जिन्यावरून. तीन-चार पायऱ्या उतरला होता. मी स्वतः बघत होतो."

पलीकडून कागद चाळल्याचा आवाज आला.

"तिथे जिना नाहीय," त्या म्हणाल्या. "तो सडला म्हणून कंपनीनं वसंतात काढून नेला. तीच ती दुरुस्ती. नवा बसवलाच नाही. झाकणाखाली काही नाही, सरळ दगडी फरशी, दीड पुरुष खोल. आम्ही आमची शिडी लावून उतरलो."

मी कंपनीला विचारलं. नगरपालिकेला विचारलं. अख्तरबाईंना विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, त्यांच्या अहवालात त्याला रकाना नाही.

क्लिफ ओल्डरॉइड त्या दुपारी कशावर उभा होता, हे अजून कोणी सांगितलेलं नाही.